पहिल्यांदा कुणी उडवायचं

बदक भाजायला टाकलं की व्होन्ड्रांच्या घरात भांडण होतं, हे आर्लीनला एव्हाना पाठ झालं होतं. सासऱ्यांची जमीन विकायची ठरली तेव्हा टेबलावर बदकच होतं, आणि त्या जेवणानंतर तिचा नवरा मायलो आणि त्याचा थोरला भाऊ अल्विन सहा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. म्हणून या रविवारी तिने घरी पान मांडलंच नाही. दोन बदकं, उकडलेले डंपलिंग, आंबट कोबी आणि खसखस भरलेले गोड कोलाची पाव, असं सगळं गाडीत घातलं आणि चर्चमधला मिस्सा संपल्यावर थेट विमानतळावरच्या हँगरमध्ये आणलं. भांडायचंच आहे ना, मग मोकळ्यावर भांडा, माझ्या स्वयंपाकघरात नको, असा तिचा साधा हिशेब होता.

हँगरचं दार सताड उघडं होतं आणि दारात ते उभं होतं. रंग अजून द्यायचा होता, त्यामुळे अंगभर नुसता चकचकीत पत्रा आणि त्यावर पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळीच्या ओळी. अकरा वर्षांपूर्वी सुट्या भागांची खोकी घरी आली तेव्हापासून घरात सगळे त्याला 'ते' म्हणायचे. ते गॅरेजमध्ये आहे, त्यामुळे गाडी बाहेर लावा. त्याचा पंख जेवणाच्या खोलीत आहे, तेव्हा ख्रिसमस ताटं मांडीवर घेऊन करा. मंगळवारी सरकारी तपासनीस आला, बॅटरी घेऊन त्याच्या पोटात शिरला, दुपारी बाहेर आला आणि कागदावर सही करून म्हणाला, "मिस्टर व्होन्ड्रा, आता हे विमान झालं." आर्लीनला उगाचच रडू आलं होतं. मायलो मात्र त्याला कॉफी विचारायचंसुद्धा विसरला.

तर विमान झालं. आता ते फक्त उडवायचं राहिलं होतं आणि घोडं तिथेच अडलं होतं.

"मॉम, हे कुठे ठेवू?" क्रेगने विचारलं. आर्लीनचा हा मुलगा लिंकन शहरात विमा कंपनीत नुकसान तपासायचं काम करतो. पंचवीस वर्षं जळलेली कोठारं आणि चेपलेल्या गाड्या बघून त्याला आता सरळ उभ्या असलेल्या वस्तूतही अपघातच दिसतो. त्याच्या दोन्ही हातांत आग विझवायची लाल नळकांडी होती.

"दोन कशाला आणलीस रे?"

"एक चाललं नाही तर."

"ठेव मग बदकाशेजारी. बदक तरी वाचेल."

जोलीन, त्याची धाकटी बहीण, विमानाच्या पंखाखाली उकिडवी बसून चाकाकडे बघत होती. ती पिकांवर औषध फवारायचं विमान चालवते. म्हणजे उन्हाळाभर विजेच्या तारांखालून जाते आणि संध्याकाळी घरी येऊन जणू भाजी आणायला गेली होती अशा थाटात जेवते. तिचं बोलणं कमी. आज तर फारच कमी होतं, आणि ते आर्लीनच्या लक्षात आलं होतं.

आणि मायलो समोरची काच पुसत होता. ती त्याने सकाळी मिस्साला जायच्या आधी इथे येऊन पुसली होती, मिस्सा झाल्यावर पुसली होती, आणि आता परत तेच चाललं होतं.

तेवढ्यात अल्विनची पिकअप आली. सहा वर्षांच्या अबोल्यानंतर गेल्या वसंतात तो एकदा गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "हे एवढं मोठं आहे होय." एवढ्यावर समेट झाला. या घरात माफी अशीच मागतात. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि मागे बिअरचं खोकं होतं.

"उतरल्यावर प्यायची," त्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. "माझ्या रोजच्या कॉफीच्या अड्ड्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलंय. अकराला येतील म्हणाले, खुर्च्या घेऊन. मायलो, झालास का तयार?"

"हे बघ अंकल अल्विन," क्रेग म्हणाला, "डॅड उडवणार असं अजून ठरलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ठरलेलं नाही."

"अरे, बांधलं कुणी? बांधलं त्याने. मग उडवायला काय पोपला बोलवायचं?"

"डॅड गेल्या दोन वर्षांत किती तास वर होता, विचार त्याला. हीच तर गंमत आहे या लोकांची. विमान बांधायच्या नादात विमान चालवायला वेळच मिळत नाही. आणि मग एक दिवस विमान तयार होतं आणि हे त्यात बसतात, हात गंजलेले. माझ्या टेबलावर येतात ना असली प्रकरणं."

"तुझ्या टेबलावर चांगलं काही येतं का रे कधी?"

"उन्हाळ्यात त्याने शिक्षक घेऊन सराव केलाय," आर्लीन मध्ये पडली.

"दुसऱ्या विमानावर, मॉम. ते म्हशीसारखं विमान. हे तसं नाही."

"मग कुणी उडवायचं म्हणतोस?" अल्विनने डंपलिंग हातानेच उचललं. "तू?"

"जोलीनने. ती रोज असलीच विमानं चालवते. नाहीतर तिने आणि डॅडने दोघांनी मिळून. मी विचारून घेतलंय. चालकाला पुरेसा अनुभव असेल तर बांधणाऱ्याला बरोबर बसता येतं, विमाही तसाच काढलाय. वसंतातच म्हणालो होतो मी."

"आणि मी वसंतातच नाही म्हणालो होतो," मायलो काचेमागून म्हणाला. सकाळपासून त्याचं हे पहिलंच वाक्य. "पहिल्या वेळी एकानेच जायचं. काही झालं तर एकाला होऊ दे. दोघांना कशाला?"

"बघा," क्रेगने दोन्ही हात पसरले. "हा स्वतःच म्हणतोय, काही झालं तर."

"जोलीन, तू बोल की काहीतरी," अल्विन म्हणाला.

जोलीनने चाकावर हलकेच थाप मारली आणि उठली. "माझं काही म्हणणं नाही. डॅडचं विमान आहे."

"डॅड, तूच सांग मग," क्रेग म्हणाला.

मायलोने फडक्याची नीट चौकोनी घडी घातली. "माझं काय, तुम्ही ठरवाल तसं. आर्लीन काय म्हणेल ते."

झालं. सगळ्यांच्या माना आर्लीनकडे वळल्या. हे नेहमीचंच होतं. घरात एखादी गोष्ट अडली की तिच्या ताटात पडायची, आणि मग तिने नाही म्हटलं की सगळे मिळून तिच्यावर रागवायचे. बोट घ्यायची होती तेव्हा तिने नाही म्हटलं. ॲरिझोनाला राहायला जायचं होतं तेव्हा नाही म्हटलं. अकरा वर्षांपूर्वी हे विमान घ्यायचं म्हटलं तेव्हाही नाहीच म्हटलं होतं, फक्त त्या वेळी कुणी ऐकलं नव्हतं.

आणि मग आर्लीनच त्यात अडकली. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात, ही गोष्ट मायलोने खोकी फोडल्यावर हळूच सांगितली. एकाने बाहेरून ठोकायची गन लावायची आणि दुसऱ्याने पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा, म्हणजे रिव्हेटचं टोक त्यावर चेपून पक्कं बसतं. आर्लीनचे हात बारीक, म्हणून ती आत. पंखांत, शेपटीत, पोटात, कुठे कुठे ती वळकटी होऊन बसली होती. आवाजात बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे तिने आतून टकटक करायची. एकदा म्हणजे बसला. दोनदा म्हणजे आणखी थोडा ठोक. तीनदा म्हणजे बिघडला, काढ. आणि नवल म्हणजे, एरवी तिच्या प्रत्येक म्हणण्यावर 'नक्की का?' विचारणारा मायलो तीनदा टकटक ऐकून कधी वाद घालत नसे. निमूटपणे ड्रिल उचलून तो रिव्हेट काढायचा. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा मान तिला दुसरीकडे कुठेच मिळाला नव्हता.

हे सगळं त्या क्षणी तिच्या मनात आलं. आणि ती म्हणाली, "मायलो उडवेल."

क्रेगने कपाळावर हात मारला. अल्विनने तिच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की तिच्या हातातला चमचा पडला. जोलीनने मान वळवून शेताकडे बघितलं.

आणि मायलो म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. पण ते 'बरं' आर्लीनच्या ओळखीचं होतं. दातांच्या डॉक्टरकडे नेताना क्रेग लहानपणी असंच 'बरं' म्हणायचा.

त्यानंतरचा अर्धा तास बघण्यासारखा होता. मायलोने इंजिनावरचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. परत उघडलं. काचेच्या झाकणाची रबरी पट्टी जरा सुटल्यासारखी वाटते म्हणाला. क्रेगने बोट फिरवून बघितलं, तर घट्ट होती. वारा वाढेल म्हणाला. सगळ्यांनी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघितलं. ती खांबाला चिकटून मरगळून लोंबकळत होती.

"आजच्याइतकी पडलेली हवा नेब्रास्कात वर्षातून एकदा मिळते," अल्विन म्हणाला. "आणि ती आज मिळालीय."

"म्हणूनच म्हणतो. इतकी पडलेली हवा बरी नाही."

"काय बोलतोस?"

"शेपटीखालचा तो एक स्क्रू बघतो," मायलो म्हणाला आणि खाली शिरला.

अल्विन कौतुकाने मान हलवत होता. बघा, काय बारकाईने काम करतो माझा भाऊ, वगैरे. क्रेगलासुद्धा जरा बरं वाटायला लागलं होतं. आर्लीनला मात्र बरं वाटत नव्हतं. या माणसाच्या श्वासाचा आवाज तिने अकरा हिवाळे पत्र्यापलीकडून ऐकला होता. तिने ॲप्रन सोडलं, गुडघ्यांना दोन शिव्या घातल्या आणि त्याच्यामागोमाग विमानाखाली शिरली.

मायलो पाठीवर पडून होता. हातात स्क्रूड्रायव्हर होता, पण तो काही करत नव्हता.

"कुठला स्क्रू?" तिने विचारलं.

"आहे एक."

"मायलो."

तो वर पत्र्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "मला वाटलं तू नाही म्हणशील."

आर्लीनला क्षणभर काही कळेना. "काय?"

"मी धरूनच चाललो होतो. तू नाही म्हणणार, मी जरा तोंड पाडून बसणार, आणि मग जोलीन उडवणार. अल्विनलाही काही बोलता आलं नसतं. बायको नाही म्हणाली म्हटल्यावर संपलं ना."

"अरे देवा," आर्लीन कुजबुजली. "अठ्ठेचाळीस वर्षं मी प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत आले. आज एकदा, आयुष्यात एकदा हो म्हणाले. आणि तुला नाही हवं होतं?"

"हळू बोल."

"मी तुझ्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. मला वाटलं, याने एवढं केलं, आता याच्या हातातून काढून घेतलं तर माझं तोंड बघणार नाही."

"माहितेय."

"मग सांगायचं होतंस आधी."

"काय सांगू? भीती वाटते म्हणून?" त्याने स्क्रूड्रायव्हर छातीवर ठेवला. "दुसऱ्याचं विमान असतं ना, तर काही वाटलं नसतं. बसलो असतो आणि गेलो असतो. पण याचा प्रत्येक इंच मला माहितेय. हा जोड केला तेव्हा मला ताप होता. ती तार ओढली तेव्हा जमीन विकल्याचे कागद होऊन दोन दिवस झाले होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. वर गेल्यावर मला हेच सगळं आठवणार. आणि बाहेर अल्विन इस्त्रीचा शर्ट घालून उभा आहे."

आर्लीनला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे गलबलून येत होतं. हा म्हातारा घाबरलेला होता आणि सहा वर्षांनी परत मिळालेल्या भावासमोर त्याला ते कबूल करायचं नव्हतं, एवढंच. आणि त्याला त्या खुर्चीत ढकलणारी ती स्वतः होती. आता बाहेर जाऊन शब्द फिरवावा, तर सगळे म्हणणार मायलोने खालून सांगितलं.

"इथेच पडून राहा," ती म्हणाली. "स्क्रू पिळत बस."

जोलीन गाडीमागे पाणी पीत होती. आर्लीनने तिला कोपऱ्यात घेतलं. फार काही सांगावं लागलं नाही. जोलीनने अर्ध्यातच मान हलवली.

"मला वाटलंच होतं. सकाळपासून तीन वेळा काच पुसलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार मॉम? मी उडवते म्हटलं असतं तर अंकल अल्विन म्हणाला असता, बापाच्या ताटातलं ओढते. आणि..." ती थांबली. "आणि मला खरंच हवं होतं गं. इतकी वर्षं लोकांची विमानं चालवतेय. घरात एक तयार होतंय, ते आपण पहिल्यांदा वर न्यावं असं वाटणार नाही का? एवढं हवंसं वाटलं की तोंडातून शब्द फुटत नाही माझा."

बापाची लेक शोभतेस, असं आर्लीन मनात म्हणाली. आणि मोठ्याने म्हणाली, "मग आता फुटू दे. सगळ्यांसमोर माग. हट्ट कर. लहानपणी घोड्यासाठी केला होतास तसा."

"घोडा मिळाला नव्हता."

"तेव्हा मी नाही म्हटलं होतं."

जोलीन हँगरमध्ये गेली, विमानाच्या नाकासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "डॅड, बाहेर ये. मला काहीतरी मागायचंय."

मायलो रांगत बाहेर आला.

"हे मला उडवायचंय. पहिल्यांदा. आज. तू म्हणशील माझा हक्क नाही, तर नाहीये. पण मला हवंय."

क्रेगने ताट खाली ठेवलं. "चला. सुटलो," असं म्हणेल म्हणून आर्लीन बघत होती, तर तो म्हणाला, "एक मिनिट. जोलीनने का?"

"तूच म्हणत होतास ना रे मघाशी?" आर्लीन म्हणाली.

"मघाशी मी डॅडने नको म्हणत होतो. त्या भरात जोलीनचं नाव घेतलं. पण आता ती खरंच बसणार म्हटल्यावर... हिला दोन मुलं आहेत, मॉम."

"मला माहितेत माझी मुलं," जोलीन म्हणाली. "रोज तारांखालून जाते तेव्हा नाही तुला आठवत ती."

"ते मला दिसत नाही ना तेव्हा."

आता अल्विन तोंडाचा पट्टा सोडणार, म्हणून आर्लीनने अंग चोरलं. पण अल्विन जोलीनकडे बघत नव्हता. तो मायलोकडे बघत होता, बराच वेळ. मग त्याने खाली बघितलं आणि शर्टावरचा कोबीचा तुकडा झटकला.

"पोरीने तोंड उघडून मागितलं," तो कुरकुरत म्हणाला, "तर बाप काय नाही म्हणणार? माझ्या पोरींनी कधी काही मागितलं नाही माझ्याकडे. दे बाबा तिला. कॉफीवाल्यांचं मी बघतो."

तो समजून चुकला होता. लहानपणी धान्याच्या उंच सायलोच्या शिडीवर घाबरून अडकलेल्या धाकट्या भावाला खाली उतरवणारा शेवटी तोच होता. आर्लीनने त्याच्या ताटात न विचारता बदकाची तंगडी वाढली.

मायलोचा चेहरा असा सैल पडला की बघवेना. "घे," तो जोलीनला म्हणाला. "घे, तू घे." आणि त्याने तिला सगळं दाखवायला सुरुवात केली, जे तिला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि तीही प्रत्येकाला हो हो म्हणत राहिली.

कुंपणापाशी म्हातारे खुर्च्या उघडून बसले होते. विमान ढकलत बाहेर काढलं. जोलीन पुढच्या सीटवर चढली, पट्टे आवळले, काचेचं झाकण ओढून घेतलं. क्रेग नळकांडं काखेत धरून उभा राहिला. नाकावरचा पंखा एकदा अडखळला आणि मग इंजिनाने असा छान सूर धरला की अल्विनने टोपी काढली.

आर्लीनला हलकं वाटत होतं. प्रसंग निभावला. कुणाचंही तोंड उतरलं नव्हतं. तिने शेजारी बघितलं, तर मायलो तिथे नव्हता.

तो विमानाकडे चालत निघाला होता. पळत नव्हता, कारण चालू पंख्याजवळ पळायचं नसतं हे त्याच्या हाडीमासी मुरलेलं होतं, पण जवळजवळ पळतच होता. बाजूने लांब वळसा घालून जोलीनला दिसेल अशा जागी तो उभा राहिला आणि गळ्यावरून आडवा हात फिरवला. बंद कर.

इंजिन थांबलं. जोलीनने झाकण मागे सारलं. "काय झालं?"

"उतर."

"काय गळतंय का?"

"काही गळत नाही. उतर तू. मी जातो."

सगळे जमा झाले. आर्लीन सगळ्यात शेवटी पोचली, गुडघ्यांमुळे.

"डॅड, तूच दिलंस ना आत्ता," जोलीन म्हणाली.

"दिलं. चुकलं." मायलोचा आवाज कापत होता आणि या वेळी अल्विन समोर असूनही तो लपवत नव्हता. "मला भीती वाटत होती. सकाळपासून. ऐका सगळे. मला वाटलं, ती माझ्या जिवाची आहे. तू आत बसलीस, झाकण लावलंस, आणि मला कळलं की ते काहीच नव्हतं. मी मेलो तर मेलो. पण मी ताप असताना केलेल्या जोडावर तू बसणार? नाही. उतर."

अल्विनने तोंडातल्या तोंडात 'येझिश मारिया' असा येशू-मेरीचा धावा केला. क्रेग म्हणाला, "मी हेच तर सकाळपासून..." आणि नळकांडं दुसऱ्या काखेत घेतलं.

जोलीन उतरली नाही. तिने हातमोजा काढून मांडीवर ठेवला.

"डॅड, मी काय म्हणते ते नीट ऐक. हे विमान चांगलं असेल, नाहीतर वाईट. वाईट असेल तर कुणीच बसायचं नाही, तूही नाही. इथेच पंख काढू आणि घरी नेऊ. आणि चांगलं असेल तर दोघं बसू. मागची सीट रिकामी आहे, तिथेही चालवायचा दांडा आहे. चढवणं-उतरवणं मी करते. वर गेल्यावर तू चालव."

"दोघांनी जायचं नसतं."

"कारण काही झालं तर, ना? मग तेच विचारतेय. होणार आहे का काही? बांधलंस तू. सांग."

मायलोने विमानाच्या कुशीवर हात ठेवला. मग तो वळला.

"आर्लीन?"

परत तिच्याच ताटात पडलं. पण या वेळी नवरा आणि मुलगी, दोघंही होते त्यात. सकाळी तिने हो म्हटलं ते मायलोचं मन राखायला. विमानाचा विचारच केला नव्हता तिने. आता तो मन राखायला विचारत नव्हता. गॅरेजमध्ये गन बाजूला ठेवून पत्र्याला कान लावायचा आणि आतून टकटक व्हायची वाट बघायचा, तसा उभा होता तो.

नाही हा शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आयता होता. तो म्हटला असता तर सगळे घरी गेले असते, बिअर प्यायले असते आणि सगळ्यांनी तिच्यावर रागवून घेतलं असतं. कुणाच्याही केसाला धक्का लागला नसता. तिने डोळे मिटले आणि शेपटीपासून सुरुवात केली. शेपटी, पोट, डावा पंख, उजवा. जिथे जिथे तिचे हात गेले होते तिथे ती मनाने परत जाऊन आली. कुणी घाई केली नाही.

"त्या तापातल्या जोडाचे सगळे रिव्हेट मी दुसऱ्या दिवशी काढायला लावले होते," ती डोळे उघडून म्हणाली. "विसरलास? कुरकुर केली नव्हतीस, म्हणून विसरला असशील. बस मागे."

"नक्की का?" मायलोने विचारलं.

"मायलो, बस."

तो चढला. अल्विनने खालून त्याचा पाय धरून वर ढकलला. क्रेगने पट्टे बांधले, एकदा ओढून बघितले, परत ओढून बघितले, आणि मग बापाच्या टकलावरून हात फिरवून पटकन खाली उतरला.

विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं आणि धावत आलं. शेपूट उचललं. त्यांच्यासमोरून गेलं तेव्हा चाकांखाली आधीच उजेड होता. मक्यावरून ते चढत गेलं, पाण्याच्या टाकीच्या वर गेलं, सावकाश डावीकडे वळलं. म्हातारे टाळ्या वाजवत होते. क्रेगने नळकांडं अजून छातीशी कवटाळलेलं होतं. आर्लीन मात्र हातातल्या छोट्या रेडिओकडे बघत होती. जोलीनने तो तिच्या हातात कोंबला होता, आणि कसा वापरायचा ते तिने कधी विचारलं नव्हतं. उतरवायची चिंता तिला नव्हती, ते जोलीनचं रोजचं काम होतं. तिला चिंता होती ती आतल्या बाजूची. गॅरेज सोडून, जमिनीपासून एवढ्या वर, तिच्या हातांनी धरलेलं ते सगळं धरून राहतंय का, याची.

रेडिओ खरखरला. आधी जोलीन काहीतरी आकडे बोलली. मग नुसता इंजिनाचा आवाज आला. आणि मग मायलो.

"आर्लीन. दांडा माझ्या हातात आहे." त्याला धाप लागल्यासारखी झाली होती. "ऐकतेस का? काही खडखडत नाहीये. मी मुद्दाम कान देऊन ऐकतोय. काहीच खडखडत नाहीये, आर्लीन."

तिने रेडिओ तोंडाशी नेला. "मला माहितेय," ती म्हणाली. "तू बाहेर होतास. आत मी होते." आणि मग सकाळपासून आवरून धरलेलं सगळं रडू तिला एकदम आलं.

बटण दाबायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. वर काहीच पोचलं नाही. ऐकलं ते शेजारी उभ्या असलेल्या अल्विनने, आणि त्याने तिच्या हातातून रेडिओ घेतला, बटण दाबलं आणि परत तिच्या तोंडासमोर धरून तो म्हणाला, "आता सांग."